नागपूरच्या उन्हाळ्यात तगणारी खाऱ्या पाण्याची टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी नागपुरात नोव्हेंबरात लावावी. माशांची घाण पचवणाऱ्या जीवाणूंची घडी बसायला चार ते सहा आठवडे जातात, मासे रुळायला आणखी दोन महिने. मार्चमध्ये सुरुवात केली तर कच्ची टाकी थेट नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, तोंडी जाते.

आधी कायद्याचं. समुद्रात भित्ती (रीफ) बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. समुद्री घोडा आणि समुद्री काकडीही त्यातच. शोभेसाठी ठेवलेला वाळका प्रवाळसुद्धा चालत नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड अनेकदा भित्तीचाच तुकडा असतो, त्यामुळे सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम दगडच घ्या. इथे सांगतोय ती टाकी भित्तीवरच्या माशांची आणि कोळंब्यांची. प्रवाळाशिवायही तिच्यात पाहण्यासारखं भरपूर असतं.

3 फूट × दीड फूट × दीड फूट हे माप सोयीचं. दगड-वाळू घातल्यावर त्यात साधारण 160 लिटर पाणी बसतं. यापेक्षा लहान टाकी स्वस्त पडते, पण तापते लवकर आणि बिघडतेही लवकर. दगड आधी तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू नंतर घाला. वाळूवर रचलेला दगड खाली बीळ खणलं गेलं की कोसळतो. वाळू अॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची), 2 ते 3 इंच, त्यात थोडे खडे मिसळलेले.

पाणी आरओचं (पडद्यातून गाळून क्षार काढलेलं) हवं, पण स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं नको. त्यातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरमुळे थोडं नळाचं पाणी परत मिसळतं आणि मिनरलचं कार्ट्रिज क्षार घालतं. उरलेसुरले क्षार टिपणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असलेला संच घ्या. मीटरवर टीडीएस 0 दिसला पाहिजे. बोअरच्या पाण्यावर आरओचा पडदा (मेम्ब्रेन) लवकर चोंदतो, म्हणून शक्यतो नळाचं पाणी वापरा.

मीठ मत्स्यालयाचंच. जेवणातल्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा हिशोब नसतो. 20 लिटर पाण्याला साधारण 720 ते 760 ग्रॅम मीठ लागतं. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखं तळाला बसतं. पंप लावून रात्रभर ढवळा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत 35 भाग मिठाच्या, प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या आणि क्षारता 35 ला आणा.

मग टाकी माशांविना चालवा. अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 2 भाग) घाला, बाटलीतले जीवाणू सोडा आणि दोन-दोन दिवसांनी मोजा. जीवाणू या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग त्याचं कमी घातक नायट्रेट. घातलेला 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्यच राहतं, तेव्हा टाकी तयार. दुकानदार ‘आठ दिवसांत मासे सोडा’ म्हणतो, त्याचं ऐकू नका.

आता खरी लढाई. पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एकच अंश जास्त काही आठवडे राहिला, तर प्रवाळ आपल्या ऊतींतलं शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली हेच झालं. मासे त्याहून काटक असतात, पण गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 28 च्या वर गेलं की सावध व्हा, 30 च्या वर धोकाच.

चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेता आला तर उत्तम. नसेल तर नागपूरचा कोरडा मे महिनाच कामाला लावा. एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात 160 लिटर पाणी साडेतीन अंशांनी थंड व्हावं. म्हणून झाकण काचेचं न ठेवता जाळीचं ठेवा आणि दोन छोटे पंखे पृष्ठभागावर तिरपे लावा. फसगत होते ती कूलरमुळे. त्याच खोलीत खसचा कूलर चालू असला की हवा ओली होते आणि पंख्यांचा जोर उरत नाही. कूलर दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर टाकीच्या खोलीत एसी लावा. पावसाळ्यातही पंखे निरुपयोगी ठरतात, तेव्हा एसी किंवा चिलर लागतोच. डिसेंबरच्या रात्रींसाठी 200 वॉटचा हीटर पुरे.

पंख्यांमुळे मे महिन्यात दिवसाला 5 लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. भर गोड्या आरओ पाण्याचीच घालायची. भर घातली नाही तर 35 ची क्षारता एका दिवसात 36 च्या पुढे जाते, आणि मीठ घातलेल्या पाण्याची भर घातली तर चार दिवसांत 39 च्या वर. तरंगता व्हॉल्व्ह बसवला की ही कटकट मिटते. आठवड्याला 15 लिटर पाणी बदला, तेव्हा मात्र खारं पाणी.

मासे हळूहळू सोडा. क्लाउनफिशची जोडी टाकीतच पैदास झालेली घ्या. दोन्ही पिल्लं वेगळ्या आकाराची असली की मोठं मादी होतं आणि भांडण कमी. त्यांना समुद्रफूल (अॅनिमोन) लागतंच असं नाही. पंधरा दिवसांनी गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) आणि पिस्टल कोळंबी एकत्र सोडा. कोळंबीला जेमतेम दिसतं. ती बीळ खणते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं आत गडप. गोबी उडी मारतो, म्हणून जाळीला फट नको.

माशाच्या अंगावर रोगाचे पांढरे ठिपके आले तर मासा वेगळ्या टाकीत काढूनच तांब्याचं औषध द्या. मुख्य टाकीत ते पडलं की कोळंबी मेलीच.

लाईट गेली की आधी प्राणवायू संपतो, तापमान नंतर चढतं. इन्व्हर्टरवर निदान लाटेचा (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा) पंप आणि पंखे ठेवा, शिवाय बॅटरीचा हवेचा पंप. तेवढा वेळ खाणं बंद.