फॅन्सच्या मतांवर नॉकआउट लावायचीय? मग आधी हे ठरवून घ्या

लोकल मॅचवर नेमाने लिहिणारे दहा-पंधरा जण असले की कधी ना कधी कुणाच्या तरी डोक्यात येतंच, की यांचीच एक टूर्नामेंट लावू, मतं फॅन्स देतील. मी दोनदा घेतलीय. पहिल्यांदा पार फज्जा उडाला, म्हणून हे लिहितोय.

हिशोब सोपा आहे, नॉकआउटमध्ये प्रत्येक मॅचला, म्हणजे दोघांतल्या मतदानाला, एक जण घरी जातो, म्हणजे 16 जण असतील तर 15 मॅच. सगळ्यांची सगळ्यांशी लावायला गेलात तर 120 होतात, तेवढ्यात मतं देणारेच पळून जातील. 11 जणच असले तर 16चा ड्रॉ (कोण कुणाशी, तो तक्ता) करून 5 बाय द्यायचे, म्हणजे ते पाच जण न खेळताच दुसऱ्या राउंडला, पहिल्या राउंडला 3च मॅच होतात.

सीडिंगवर, म्हणजे तगड्यांना आधीच नंबर देऊन ड्रॉमध्ये लांब लांब ठेवण्यावर, भांडणं होतात. सगळ्यांना फॉलोअर्सप्रमाणे नंबर लावले की मोठ्याला डबल फायदा, मतं तर त्याला तशीही जास्त पडणार आणि वर पहिली मॅच सगळ्यात छोट्याशी. पण नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर दोन तगडे पहिल्याच राउंडला भिडतात आणि फायनल फुसकी होते. विम्बल्डनच्या सिंगल्सला 128 जणांत 32च सीड असतात, बाकीचे ड्रॉमध्ये कुठेही पडतात. तसंच करा, 16 मध्ये चारच सीड, चौघांना चार कोपऱ्यांत टाका, बाकी चिठ्ठ्या. आणि चिठ्ठ्या काढतानाचा व्हिडिओ ठेवा, नंतर कामाला येतो.

आता व्होटिंग. व्हॉट्सअ‍ॅप पोल लावताना एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय बंद करायला विसरू नका, बरेच जण विसरतात आणि मग लोक दोघांनाही मत देऊन मोकळे होतात. शिवाय तिथे कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, ओळखीच्यांत ते जरा अवघडच. मला गुगल फॉर्म बरा वाटतो, पण एका अकाउंटला एकच उत्तर ही सेटिंग चालू करूनच. मी केली नव्हती! सेमीफायनलला रात्री झोपताना दोघांत बारा मतांचा फरक होता, सकाळी उठून बघतो तर एकाला तिप्पट मतं, आणि खरी किती खोटी किती काढायला काही मार्गच नाही, शेवटी मॅच परत घेतली तर दोघंही माझ्यावरच चिडले.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही बरं का. 2015 ला अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या ऑल-स्टार मॅचच्या (निवडक स्टार प्लेयर्सच्या मॅचच्या) व्होटिंगमध्ये एका ईमेलवर 35 मतं चालायची, कॅन्सस सिटी रॉयल्स या एकाच टीमचे आठ जण आघाडीवर गेले आणि लीगला सहा कोटींच्या आसपास मतं रद्द करावी लागली. मस्करीत मत देणारेही येणारच. पुढच्याच वर्षी आइस हॉकीत फॅन्सनी जॉन स्कॉट नावाच्या, मारामारीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या प्लेयरला मजा म्हणून ऑल-स्टारच्या एका टीमचा कॅप्टन केलं, आणि पठ्ठ्याने दोन गोल ठोकून एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेयरचा मान, घेतला. त्यामुळे अशी मतं मी तरी काढून टाकत नाही, खोटी अकाउंट्स तेवढी बघायची.

मतदानाच्या वर दोघांचाही एकेक लेख द्या, दोघांनी स्वतः निवडलेला, म्हणजे निदान काही जण तरी वाचून मत देतात, नाहीतर ज्याचा ग्रुप मोठा तो जिंकला एवढंच कळतं. प्रत्येक मॅचला 24 तास पुरे. बंद करायची वेळ रात्री 9 ठेवा, 12 नको, कारण स्क्रीनशॉट घ्यायला तुम्हालाच जागं राहायचंय. चालू आकडे दाखवू नका, मागे पडलेल्याचे फॅन्स हात टेकतात.

टाय झाली तर काय, हे पहिल्या मॅचच्या आधी लिहून टाका. मी दोन तासांचा एक्स्ट्रा टाइम देतो, तरी सुटली नाही तर नाणं. आणि फायनल मैदानावरच्या मोठ्या मॅचच्या दिवशी अजिबात ठेवू नका, मी ठेवली होती, पहिल्या राउंडपेक्षा कमी मतं पडली.