ग्रीक धातू पाठ नका करू, शब्द फोडा

सुरुवातीला मी इंग्रजी शब्दांमागच्या दोनशे ग्रीक धातूंची, म्हणजे मूळशब्दांची, यादी घोकली होती. आठवडाभरात पार विसरले. आता एकच करते: माहितीचा शब्द घेते आणि फोडते.

हेलिकॉप्टर घ्या. तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तुटत नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखं वळण, 'प्टर' म्हणजे पंख. ते कळलं त्या दिवशी मी वहीत फिरणारा पंख काढला. टेरोडॅक्टिल (प्राचीन काळचा उडणारा सरपटणारा प्राणी) आला की तोच पंख दिसतो, कारण 'टेरो' म्हणजे तोच 'प्टर', फक्त 'प' उच्चारत नाहीत. 'डॅक्टिल' म्हणजे बोट, म्हणून बोटावर ताणलेला पंख. एका शब्दात दोन धातू पक्के! पंखाचं चित्र जमेल तसं काढा, पण स्वतःच्या हातानं काढा.

आपल्याला आणखी एक मोठा आधार आहे, संस्कृतचा. हेप्टा–सप्त, ऑक्टो–अष्ट, डेका–दश ही भावंडंच आहेत. मूळचा 'स' ग्रीकमध्ये शब्दारंभी बहुधा 'ह' झाला, एवढं लक्षात ठेवलं की हेप्टा पाठ करावाच लागत नाही.

सारख्या दिसणाऱ्या धातूंना मात्र जपा. पीडियाट्रिक्समधला 'पीड' म्हणजे मूल. पाय हवा असेल तर ट्रायपॉडमधला 'पॉड', आपला पद. असे धातू मी एकाच कार्डावर समोरासमोर लिहिते.

दिवसाला पाच धातू पुरेत, कार्डाच्या एका बाजूला धातू, मागे अर्थ. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं कार्डाची अर्थाची बाजू पालथी ठेवून अर्थ आठवा. अडलं तर लगेच उलटू नका, आधी तो धातू असलेला एखादा शब्द मोठ्यानं म्हणा.