खाट सकाळीच रिकामी करा

मी नाशिकच्या एका रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. कॅज्युअल्टीत पेशंट स्ट्रेचरवर ताटकळला की सगळे तिथल्या डॉक्टरांवर ओरडतात. खरी गाठ वर, वॉर्डात असते. खाटच रिकामी नसते.

म्हणून डिस्चार्जची तयारी आदल्या संध्याकाळी करा. राउंडला डॉक्टरांना विचारा, ‘उद्या कोण घरी?’ ती नावं फळ्यावर लिहा. डिस्चार्ज कार्डाचा मसुदा, औषधांची चिठ्ठी, उरलेली औषधं फार्मसीला परत, हे रात्रपाळीतच उरका. विम्याची किंवा महात्मा फुले योजनेची कागदपत्रं सकाळवर ढकलू नका. घोडं तिथेच अडतं.

नातेवाइकांना वेळ आधीच सांगा. सुरगाण्या-पेठच्या माणसांना पुढे एसटीनं जायचं असतं. दुपार टळली की ‘सिस्टर, आजची रात्र राहू द्या ना’ म्हणतात, आणि माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही.

सकाळच्या राउंडला अत्यवस्थ पेशंट आधी, मग घरी जाणारे, बाकीचे नंतर. पेशंट निघाला की लगेच मावशींना हाक मारा. खाट पुसून, चादर बदलून झाली की कॅज्युअल्टीला फोन करा.