प्रोग्रामिंगचं पहिलं सेमिस्टर: चवथीआधी लूप हातात यायला हवा

बारावीला कम्प्युटर नव्हता म्हणून गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात प्रोग्रामिंगचा पेपर घ्यायला कचरू नका. भागाकार आणि बाकी कळत असेल, तर सुरुवातीला तेवढं पुरतं. बहुतेकांचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रोग्राम वाचला जातो, पाठही होतो, पण कागदावर चालवून पाहिला जात नाही. सी ही भाषा शिकवत असतील, तर व्हेरिएबल (किंमत साठवायची नावाची जागा), इफ (अट) आणि लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी पक्के करा. नेवऱ्या खाऊन परत येता तोवर लूप विसरायला होतो आणि वर्ग अ‍ॅरेकडे, म्हणजे एकाच नावाखाली रांगेत ठेवलेल्या अनेक किमतींकडे, वळतो. अ‍ॅरेचं जवळजवळ प्रत्येक गणित लूपवरच चालतं.

कागदावर चालवणं म्हणजे ड्राय रन. समजा, ४७२ च्या अंकांची बेरीज करायची आहे. वहीत दोन रकाने पाडा, एक एनचा (दिलेली संख्या), एक समचा (बेरीज). सुरुवातीला एन ४७२, सम ०. एन शून्याहून मोठा असेतो व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारा) दोनच कामं करतो: एनला दहाने भागून उरलेली बाकी सममध्ये मिळवायची, मग भागाकार एनमध्ये ठेवायचा. पहिल्या फेरीनंतर सम २, एन ४७. दुसऱ्या फेरीनंतर ९ आणि ४. तिसरीनंतर १३ आणि ०, लूप थांबला.

आता हाच प्रोग्राम मुद्दाम बिघडवा. आतल्या दोन ओळींची अदलाबदल केली की उत्तर ११ येतं, कारण शेवटचा २ मोजण्याआधीच कापला गेला. समला सुरुवातीला शून्य दिलं नाही, तर मेमरीत आधीचं जे पडलं असेल त्यातच बेरीज होते. फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलला सी स्वतःहून शून्य देत नाही. कधी तिथे योगायोगाने शून्यच असतं, म्हणून घरी बरोबर चाललेला प्रोग्राम लॅबमध्ये भलतंच उत्तर देतो. आणि व्हाइलच्या कंसापुढे अर्धविराम पडला, तर लूप रिकामाच फिरत राहतो. एन कमी होत नाही, स्क्रीन ढिम्म. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा.

कम्पाइल केल्यावर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलायला दिल्यावर, वीस एरर दिसल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा कम्पाइल करा. बाकीच्या बऱ्याचशा तिचीच पिलावळ असतात. सांगितलेल्या ओळीत चूक दिसत नसेल, तर वरच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का बघा. जीसीसी हा कम्पायलर वापरत असाल, तर कमांडमध्ये हायफन-डब्ल्यू-ऑल (-Wall) घालाच. किंमत वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँपरसँड (&) राहिला किंवा इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं, तर तो निदान वॉर्निंग देतो. ७ आणि ८ ची सरासरी साडेसातऐवजी ७ आली, तर मात्र तो गप्प बसतो. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देतो. २ ऐवजी २.० ने भागा आणि उत्तर फ्लोट किंवा डबलमध्ये ठेवा.

प्रॅक्टिकलला येताना प्रोग्राम वहीत लिहून आणा, लॅबचा वेळ चुका शोधायला ठेवा. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दर चार-पाच ओळींनी कंट्रोल-एस. घरी जाण्याआधी फाइल स्वतःला ई-मेल करा. पेन ड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका.

जर्नल मित्राचं बघून उतरवलं, तर सही मिळेल, पण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकाल. तिथे 'ही ओळ काढली तर काय होईल?' असं विचारतात. प्रत्येक प्रोग्राममधली एकेक ओळ काढून काय होतं, ते पेन्सिलने जर्नलच्या समासात टिपून ठेवा.