फोर्कवरून डॉक्सचा चेक फेल होतोय? बिल्ड आणि डिप्लॉय वेगळे करा

नवीन माणूस फोर्कमधून (प्रकल्पाच्या स्वतःकडच्या प्रतीतून) एका स्पेलिंगची दुरुस्ती पाठवतो आणि डॉक्युमेंटेशनचा चेक लाल होतो. बिचाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर बिल्डसारखी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेत) बऱ्याचदा पानं नीट बिल्ड झालेली असतात, अडतं ते डिप्लॉयपाशी, म्हणजे ती पानं साइटवर चढवताना: फोर्कच्या पुल रिक्वेस्टला (बदल सामावून घेण्याच्या विनंतीला) सीक्रेट्स, म्हणजे प्रकल्पाने साठवलेले पासवर्ड-किल्ल्या, मिळत नाहीत आणि गिटहब टोकनही फक्त वाचण्यापुरतं असतं. लॉगमध्ये डिप्लॉयच्या पायरीवर ४०३ (परवानगी नाकारल्याचा एरर) दिसला, तर बहुधा हेच.

१. वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या) यामल फाइलमध्ये बिल्ड आणि डिप्लॉय असे दोन जॉब करा. डिप्लॉयला 'नीड्स' लावून बिल्डनंतर ठेवा.

२. बिल्डमध्ये एकही सीक्रेट वापरू नका.

३. डिप्लॉयच्या 'इफ'मध्ये तीन अटी घाला: इव्हेंट पुश, ब्रँच मेन आणि रिपॉझिटरीचं नाव मूळ प्रकल्पाचंच. शेवटची अट गाळू नका. कुणी आपल्या फोर्कवर ॲक्शन्स चालू केल्या असतील, तर तिथल्या पुशवरही हाच वर्कफ्लो धावतो.

अट जुळली नाही की डिप्लॉय 'स्किप्ड' दिसतो. तो चेक मर्जसाठी आवश्यक ठरवलेला असला तरी मर्ज अडत नाही.

सीक्रेट्स मिळावीत म्हणून 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' इव्हेंट मात्र वापरू नका. त्यात फोर्कचा कोड चेकआउट करून बिल्ड केला, तर अनोळखी कोड तुमच्या सीक्रेट्सपर्यंत पोहोचू शकतो.