जुन्या गाडीत कुलंट आणि पाणी कोणतं घालावं

आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घरच्या विहिरीचं पाणी पडत होतं. कुंभार्ली घाटात पोफळीच्या पुढे चढण लागली की तापमानाचा काटा वर जायचा, आणि आम्ही झाडाच्या सावलीत गाडी उभी करून थांबायचो. शेवटी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) घर उघडलं तेव्हा आतून चहाच्या चोथ्यासारखा तांबडा गाळ निघाला. दोष इंजिनाचा नव्हता. पाण्याचा होता.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बऱ्याचदा मऊ असतं, भांड्याला थर धरत नाही, त्यामुळे ते गाडीलाही चालेल असं वाटतं. पण त्यात ठिकठिकाणी लोह असतं. खाडीजवळच्या विहिरी तर एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर भेदतो आणि बारीक खड्डे पाडतो. बऱ्याच जुन्या इंजिनांत बिडाच्या ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य भागावर) ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे वरचं झाकण, असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी असलं की झीज अधिकच वेगाने होते. बोअरचं पाणी नको, कौलांवरून धरलेलं पावसाचं नको, एसीतून ठिबकणारंही नको. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच आणा. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून ते पंपावर, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. फक्त लेबल नीट वाचा, कारण बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये शेजारी ठेवलेलं असू शकतं.

आता कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं ग्लायकॉल आणि गंजरोधकांचं द्रव. कोकणात पाणी गोठत नाही, मग ते कशाला, असं अनेक जण विचारतात. कुलंटचं इथलं मुख्य काम गंज रोखण्याचं आहे. शिवाय निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही 107 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे घाटात थोडी उसंत मिळते. गाडीच्या पुस्तिकेत प्रकार दिला असेल तर तोच घ्या. पुस्तिका हरवली असेल आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाख दिलेला असेल, तर पारंपरिक, सिलिकेटयुक्त कुलंट बरं. ते बहुधा हिरवं असतं, पण रंगावर विसंबू नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. लेबलवरचा प्रकार वाचा, आयएस 5759 या कुलंटच्या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका, गंजरोधकं एकमेकांना मारतात आणि कधी कधी चिकट साका बसतो. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

बदलायचं काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, खालचा कॉक किंवा होज पाइप सोडून जुनं पाणी पसरट भांड्यात धरा. कुलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असतं. मुलं, कुत्री, मांजरं जवळ येऊ देऊ नका. माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या काठावर तर मुळीच ओतू नका. बंद कॅनमध्ये भरून, वापरलेलं कुलंट जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

मग साधं स्वच्छ पाणी भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. आमच्याकडे चार वेळा करावं लागलं. शेवटची फेरी मात्र डिस्टिल्ड पाण्याची.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. सगळं काढलं तरी ब्लॉकमध्ये पाणी उरतंच, त्यामुळे बाहेर बादलीत निम्मं-निम्मं करून ओतलं तर आत ते पातळ होतं. एकूण क्षमता 5 लिटर आणि प्रमाण 40 टक्के हवं असेल, तर आधी 2 लिटर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कुलंट, घाला, मग डिस्टिल्ड पाण्याने भरा. मी 40 टक्केच ठेवतो. 33 च्या खाली गंजरोधक कमी पडतं, आणि 50 च्या वर जाऊन आपल्या हवेत फायदा नाही, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा.

झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा, मग झाकण लावा. त्याचं रबर कडक झालं असेल तर नवीनच घ्या, दाब धरला नाही तर कुलंट लवकर उकळतं. पारंपरिक कुलंट दर 2 वर्षांनी बदला.

घाटात अडकलात आणि मिळेल ते पाणी घालावं लागलं, तर इंजिन थंड झाल्यावर खुशाल घाला; घरी आल्यावर पुन्हा धुऊन काढा. पहिला आठवडा रोज सकाळी पातळी बघा. ती घटत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलची चकती) गेल्याची शक्यता मोठी, तेव्हा गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.