झाडाने मान टाकली की लगेच पाणी ओतू नका
दुपारी कुंडीतलं रोप मरगळलेलं दिसलं की आपण मगभर पाणी ओतून मोकळे होतो, मीपण असंच करून एक चांगलं टोमॅटोचं रोप कुजवलंय. आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा.

पान ताठ राहतं ते आतल्या पाण्याच्या प्रेशरने. वाढलेल्या पेशीतली जवळपास 90 टक्क्यांपर्यंत जागा एकटी रिक्तिकाच (पेशीतली पाण्याची पिशवी) व्यापते, ती पाण्याने फुगून पेशीभित्तिकेला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीला, आतून रेटा देते, हवा भरलेल्या ट्यूबसारखं. कडक उन्हात पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, पाणी उडतं जास्त आणि मुळं ओढतात कमी, म्हणून पान लोंबतं. माती ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, बहुतेक वेळा आपोआप उभं राहतं.

पण माती चिकचिकीत ओली आणि सकाळीसुद्धा रोप लोंबलेलंच, तर गडबड मुळाशी आहे. मुळांच्या पेशींनाही श्वास लागतो हो, मातीतल्या फटींत पाणी साचलं की ऑक्सिजन मिळत नाही, तंतुकणिकांना, म्हणजे पेशीतल्या पॉवरहाऊसना, एनर्जी बनवता येत नाही आणि मग पाण्यात उभं राहून झाड तहानलेलं! अशा वेळी पाणी बंद, कुंडीखालचं भोक काडीने मोकळं करा.

आणि हो, कुंडी बदलताना मुळांवरची माती झटकू नका, पाणी शोषणारे मूलरोम म्हणजे एकेका पेशीचे नाजूक धागे, ते पहिले तुटतात. मातीच्या गोळ्यासकट उचला, तेही ऊन उतरल्यावर.